कवटी, नाक आणि बोटांच्या रेषा

सप्टेंबर 1994च्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी मिळेल त्या गाडीने शहर सोडले. महिनाभर आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सुरतेतला प्लेग फुफ्फुसांचा होता आणि सगळ्यांच्या तोंडी नाव होते ते शहराच्या उत्तरेकडच्या वेड रोड-कतारगाम पट्ट्याचे. तापीचे पुराचे पाणी नुकतेच ओसरले होते. हिरे घासण्याच्या घंटीवर आणि मागावर राबणारे मजूर एकेका खोलीत दाटीने राहत होते. सांडपाण्याला वाट नव्हती, कचऱ्याचे ढीग दिवसेंदिवस पडून होते. मृतांचा आकडा पन्नासच्या घरात थांबला.

साथ आटोक्यात आली, पण तिच्याबरोबर आलेले एक निदान शहरात रेंगाळत राहिले. ही माणसेच घाणेरडी, असे ते निदान. बाहेरून आलेली, अडाणी, कुठेही थुंकणारी. यांना कितीही सुविधा द्या, यांचा स्वभाव बदलायचा नाही. सौराष्ट्रातून आलेला हिरेकामगार, खानदेशातून आलेला मराठी मजूर, ओडिशा आणि उत्तर प्रदेशातून आलेला माग कामगार, सगळे या एका वाक्यात बसले. मुंबई-ठाण्यात अनेक मराठी माणसे हेच वाक्य उत्तर भारतीयांबद्दल बोलतात, हेही नोंदवून ठेवायला हवे. शहर बदलले की वाक्यातला माणूस बदलतो, वाक्य तेच राहते.

मे 1995मध्ये एस. आर. राव सुरत महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी लोकांच्या स्वभावावर व्याख्याने दिली नाहीत. अधिकार विभागीय कार्यालयांकडे दिले, अधिकाऱ्यांना रोजचे काही तास कार्यालयातून उठवून वस्तीत पाठवले, कचरा रोज उचलला जाईल आणि न उचलल्यास कोणाला जाब विचारायचा हे ठरवून दिले. झोपडपट्ट्यांत पाणी, गटारे आणि फरसबंदी पोहोचवली, बेकायदा बांधकाम करणारे धनदांडगेही सोडले नाहीत. 1996मध्ये ‘इन्टॅक’ या संस्थेच्या पाहणीत सुरत देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले, पहिले चंदीगड होते. स्वच्छ सर्वेक्षण 2023मध्ये सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. मधल्या काळात शहरातली माणसे कोणी बदलून आणली नव्हती. उलट बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढतच गेली होती.

ज्याला आपण स्वभाव म्हणत होतो ती व्यवस्था होती, एवढे प्लेगनंतरच्या या दोन वर्षांनी दाखवून दिले. तरीही माणसाच्या अंगावर, चेहऱ्यावर, बोटांवर त्याची बुद्धी आणि वागणूक लिहिलेली असते हा समज हटायला तयार नाही. गेल्या दीडशे वर्षांत हा दावा ज्या ज्या वेळी प्रामाणिक मोजमापापुढे उभा राहिला, त्या त्या वेळी तो पडला. तरीही तो टिकून आहे, कारण तो फार उपयोगी आहे. दोष माणसाच्या हाडामांसात असेल, तर शाळेला, पालिकेला, मालकाला आणि घरच्यांनाही काही करावे लागत नाही.

आज हा दावा सुरतेपासून पुण्या-नाशिकपर्यंतच्या पालकांपुढे येतो तो ‘डीएमआयटी’ नावाच्या चाचणीच्या रूपात. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घेतले जातात आणि काही दिवसांत रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल हाती पडतो. मुलगा डाव्या मेंदूचा की उजव्या, त्याने गणित घ्यावे की चित्रकला, तो पुढारी होणार की दुसऱ्याच्या मागे चालणार, सगळे त्यात छापलेले असते. यासाठी पालक हजारो रुपये मोजतात. काही शाळा ही शिबिरे आपल्याच आवारात भरवू देतात, आणि शाळेचे नाव लागले की पालकाची शंका विरते.

या चाचणीचे विक्रेते एक खरी गोष्ट सांगून सुरुवात करतात. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून घडू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत कायम होतात. त्याच काळात मेंदूचीही वाढ चालू असते. कातडी आणि चेतासंस्था गर्भाच्या एकाच बाह्य थरातून बनतात. इथपर्यंत सगळे ठीक आहे. पण त्याच थरातून केस, नखे, घामाच्या ग्रंथी आणि दातांवरचे लुकणही बनते, आणि नखे पाहून कोणी मुलाला वाणिज्य शाखेला घालत नाही. एकाच काळात घडलेल्या दोन गोष्टींपैकी एकीवरून दुसरी वाचता येते हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते, आणि ते कोणी केलेले नाही. रेषांची बारीक ठेवण बोटाच्या टोकाच्या वाढीवर, त्यावरच्या दाबावर, गर्भजलातल्या हालचालींवर अवलंबून असते. म्हणूनच जुळ्या भावंडांचे ठसेसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत.

या शास्त्राला जन्म देणाऱ्यांनी असले दावे केले नव्हते. हॅरोल्ड कमिन्स या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने 1926मध्ये त्याला ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हे नाव दिले, आणि पुढे डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावर काही ठेवणी अधिक प्रमाणात आढळतात हे दाखवले. ती वैद्यकातली उपयोगी खूण होती, तीही इतर लक्षणांच्या जोडीने पाहायची. तळहातावरची तशी आडवी रेघ पूर्ण निरोगी माणसांतही सापडते. हॉवर्ड गार्डनर यांनी 1983मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची कल्पना मांडली, तिचा बोटांच्या ठशांशी संबंध नव्हता. या दोन गोष्टी एकत्र शिवून चाचणी तयार झाली. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे. ते निवेदन शाळांच्या सूचनाफलकावर मात्र लागलेले दिसत नाही.

याहून जुना पुरावा फ्रान्सिस गॉल्टनचा आहे. ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत बंगालमध्ये रुजली. 1858मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, तिथून तिची सुरुवात. गॉल्टनने 1892च्या ‘फिंगर प्रिंट्स’ या ग्रंथात तिला शास्त्राचे रूप दिले. हा गॉल्टन साधा माणूस नव्हता. सुप्रजननशास्त्राची कल्पना आणि त्या कल्पनेचे इंग्रजी नाव, दोन्ही त्याचीच. बुद्धी वंशात असते यावर त्याची अढळ श्रद्धा होती, आणि बोटांच्या ठशांत वंश, वर्ग किंवा क्षमता सापडावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. त्याने वेगवेगळ्या वंशांच्या लोकांचे, विद्यार्थ्यांचे, शेतमजुरांचे, मनोदुर्बलांच्या संस्थेतल्या मुलांचे ठसे ताडून पाहिले. हाती काही लागले नाही, आणि तसे त्याने लिहून ठेवले. ज्याला हा संबंध सापडायला सर्वाधिक हवा होता, त्यालाच तो सापडला नाही.

कतारगामच्या कारखान्यांत हा प्रश्न आणखी एका बाजूने समोर येतो. फिरत्या घंटीवर हिरा टेकवून घासणाऱ्या रत्नकलाकाराची रोजीरोटी बोटांवर चालते. घासकाम करणारे, सिमेंट-विटा उचलणारे, रोज धुणीभांडी करणारे हात झिजतात. रेशन दुकानाच्या यंत्रावर ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रार अशा हातांची असते. यांतले कितीतरी कामगार भावनगर-अमरेलीकडून शाळा अर्धवट सोडून आलेले. पण एका गोल हिऱ्यावर 57 पैलू पाडताना कोन किती धरायचा, खडा कोणत्या दिशेने घासला जाईल आणि कुठे चिरेल, हे त्यांना नेमके कळते. ही बुद्धी त्यांच्या बोटांच्या रेषांत कोणी शोधली असती, तर यंत्राने कोरा ठसा दाखवला असता. ती आली आहे वर्षानुवर्षांच्या सरावातून, शेजारच्या घंटीवरच्या कारागिराकडे पाहून आणि चुकीच्या एका घासणीला पगारातून मोजाव्या लागणाऱ्या किमतीतून. शाळेतल्या कागदी परीक्षेने तिला कधी गुण दिले नाहीत.

शरीरावरून बुद्धी वाचण्याच्या दाव्याला सर्वांत धीट उत्तर एका मराठी स्त्रीने दिले आहे, आणि ते फारच कमी मराठी वाचकांना ठाऊक आहे. इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत असतात. ब्रह्मदेशात 1905मध्ये जन्मलेल्या, पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढलेल्या, महर्षी कर्व्यांच्या सून. मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकून त्या 1920च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या. सासऱ्यांचा या जाण्याला विरोध होता. पैसे कर्जाऊ दिले ते डॉ. जीवराज मेहता यांनी, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था 1927मध्ये सुरू झाली तेव्हापासून ते तिचे प्रमुख होते आणि युरोपातल्या वंशशास्त्राचे मोठे नाव होते. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो कवट्यांचा. गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, तिची उजवी बाजू मोठी असते आणि त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीचे मूळ तिथे आहे, असा फिशरांचा तर्क होता. विद्यार्थिनीने मोजमापे घेऊन तो सिद्ध करायचा होता. संस्थेच्या संग्रहात युरोपियनांच्या कवट्यांबरोबर वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांतच थोडीफार होती. वंशाशी तिचा काही संबंध नव्हता.

त्यांच्यापुढे कोणते पर्याय होते याचा विचार करावा. परक्या देशातली, परक्या भाषेत लिहिणारी, कर्ज काढून आलेली पंचविशीच्या आतली हिंदू विद्यार्थिनी. समोर पदवी देण्याचा अधिकार असलेला प्राध्यापक, आणि त्याला हवा असलेला निष्कर्ष आधीच ठरलेला. आकड्यांना जरासा कल द्यायचा होता, एवढेच. त्यांनी तो दिला नाही. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही हाच निष्कर्ष प्रबंधात लिहिला, पदवी घेतली आणि त्या पुण्याला परतल्या. 1933मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे ऱ्हाइनलँडमधल्या मिश्रवंशीय मुलांची सक्तीने नसबंदी झाली, तिच्यात फिशरांच्या संस्थेच्या तज्ज्ञांनी आपले ज्ञान वापरले. ज्या कल्पनेला पुण्याच्या मुलीने शास्त्रीय आधार नाकारला होता, तिच्यावर एका राष्ट्राने कायदे उभे केले. मराठी शाळांच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात इरावतीबाईंच्या या 149 कवट्यांना जागा मिळायला हवी.

कवटी गेली तर नाक आले. हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने 1890च्या दशकात नाकाची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण काढून जातींची उतरंड लावली होती. जात जितकी वरची तितके नाक सरळ आणि अरुंद, असे त्याचे गणित. इरावतीबाईंचे गुरू घुर्ये यांनी 1932च्या ग्रंथात याच मोजमापांची पुन्हा मांडणी केली, तेव्हा संयुक्त प्रांताबाहेर हे गणित कोसळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये हेच आकडे वापरून दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश असल्याचा सिद्धान्त नाकांच्या मापांवर टिकत नाही. ज्या पट्टीने माणसे खालची ठरवली गेली, तीच पट्टी हाती घेऊन त्यांनी उत्तर दिले. आजही लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ, तरतरीत नाकाची’ मुलगी हवी असते, आणि या शब्दांमागे घराणे, संस्कार, हुशारी सगळे गृहीत धरलेले असते. रिस्लेची पट्टी सरकारने केव्हाच बाजूला ठेवली. ती घराघरांत राहिली.

आणि ज्यांच्या बाबतीत ती पोलीस ठाण्यात राहिली, त्यांची अवस्था सर्वांत वाईट झाली. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. इटलीत लोम्ब्रोसो जबडा आणि कान पाहून गुन्हेगार ओळखू लागला तो त्यानंतर, 1876मध्ये. 1913मध्ये चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरने सुमारे 3000 कैद्यांची मापे इतर लोकांच्या मापांशी ताडली आणि गुन्हेगाराचा म्हणून कोणताही वेगळा शारीरिक साचा नसल्याचे दाखवले. भारतात कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले. पारधी वस्तीवरच्या मुलाला आजही गावात चोरी झाली की आधी उचलले जाते.

जाडी आणि आळस यांची सांगड घालणारा समज यापेक्षा निरुपद्रवी वाटतो. तो तसा नाही. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र केटले या बेल्जियन गणितज्ञाचे, 1830च्या दशकातले. त्याला लोकसमूहाची सरासरी हवी होती, एका माणसाचे आरोग्य मोजायचे नव्हते. 1972मध्ये अॅन्सेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हटले आणि ते दवाखान्यात आले. त्याची मर्यादा एका छायाचित्रात पकडली ती पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. 2004मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छायाचित्र छापून आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा निर्देशांक 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला दोघेही सडपातळ.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पण किडकिडीत दिसणाऱ्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचा वाटा जास्त होता. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची तयारी आईच्या पोटातच, तिच्या ताटात काय पडले यावरून सुरू झालेली असते. तेव्हा चाळिशीत पोट सुटलेल्या माणसाला खादाड ठरवणे आणि काटकुळ्या सुनेला ‘प्रकृती छान आहे’ म्हणणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या. दोन्ही ठिकाणी डोळ्यांनी पाहिले गेले, रक्त तपासले गेले नाही आणि त्या सुनेला जेवायला सगळ्यांच्या शेवटी का बसावे लागते हे विचारले गेले नाही.

मग अनुवंशाला काही अर्थच नाही का, असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. माणसामाणसांत जन्मजात फरक असतात. उंचीप्रमाणेच बुद्धीच्या चाचण्यांतल्या गुणांतही अनुवंशाचा वाटा मोठा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांनी हे पुरेसे दाखवले आहे. ते नाकारणे हीसुद्धा सोयीची अंधश्रद्धाच ठरेल. पण त्यातून दोन गोष्टी निघत नाहीत. एक, हा वाटा कातडी, नाक किंवा बोट पाहून कळत नाही. दुसरी, त्याने मर्यादा आधीच आखलेली नसते. विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्ध्यंकाची सरासरी दर दशकाला सुमारे 3 गुणांनी वाढली. एवढ्या वेगाने जनुके बदलत नाहीत; शाळा, आहार आणि आरोग्य बदलते. गर्भावस्थेत आणि बालपणी आयोडीन फार कमी पडले तर बुद्ध्यंक दहाहून अधिक गुणांनी घसरू शकतो, आणि त्यावरचा उपाय चिमूटभर मिठात असतो.

बुद्धिमापनाचा जनक आल्फ्रेड बिने यानेही आधी मुलांची डोकी मोजून पाहिली होती. हुशार आणि कच्च्या मुलांच्या डोक्यांतला फरक नगण्य निघाला, तेव्हा त्याने तो नाद सोडला आणि 1905मध्ये प्रश्नांची चाचणी तयार केली. कोणत्या मुलाला जास्त मदत हवी हे ओळखणे हा तिचा हेतू होता; बुद्धी ही न बदलणारी राशी आहे या समजुतीविरुद्ध तो शेवटपर्यंत लिहीत राहिला. व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बांधली, कारण परक्या भाषेत, परक्या घरातल्या वस्तूंबद्दल विचारलेला प्रश्न मुलाची बुद्धी मोजत नाही हे त्यांना कळत होते. सुरत महापालिका आजही सात माध्यमांत शाळा चालवते आणि त्यांत मराठी आहे. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि वर्गात प्रमाण मराठी ऐकणारे मूल पहिलीत गप्प बसले, तर त्याला ‘मंद’ म्हणण्याआधी कामतांनी घेतलेले कष्ट आठवावेत.

‘डीएमआयटी’च्या अहवालातल्या डाव्या-उजव्या मेंदूबद्दल फार लिहायची गरज नाही. रॉजर स्पेरी यांना 1981चे नोबेल मिळाले ते मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पूल कापलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. निरोगी मुलांचे दोन प्रकार पाडण्याचा परवाना त्यात कोणी दिलेला नाही. 2013मध्ये युटा विद्यापीठात 1000हून अधिक लोकांच्या मेंदूंची छायाचित्रे तपासली गेली आणि एका बाजूने चालणारा मेंदू कोणाचाच आढळला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो असे सांगणारे ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’चे वर्ग तर उघड फसवणुकीचे आहेत. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, तो डोळ्यांच्या हालचाली सांभाळतो; पट्टी बांधलेली मुले वाचतात ती नाकाच्या बाजूच्या फटीतून पाहून. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या वर्गांना जाहीर आव्हाने दिली आहेत. यातला सर्वांत मोठा अन्याय मुलावर होतो. फटीतून पाहत असल्याचे त्याला माहीत असते, आणि आईवडिलांच्या आनंदासाठी ते तसे सांगत नाही.

म्हणून पालकांना, मुख्याध्यापकांना आणि महापालिकांच्या शिक्षण समित्यांना एक मागणी आहे. शाळेच्या आवारात बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणाऱ्या कोणालाही पाऊल ठेवू देऊ नका. मुलाची अडचण खरी वाटत असेल तर डोळे आणि कान तपासून घ्या, हिमोग्लोबिन पाहा, वर्गात त्याला भाषा कळते का हे विचारा. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण असेल तर सरकारी रुग्णालयातल्या किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे न्या. बहुतेक शहरांत या तपासण्यांचा खर्च त्या रंगीत अहवालापेक्षा कमी आहे, आणि त्यांतून जे निघते त्यावर इलाज करता येतो.